आबांची पाठ

"हळू हो आई, पाय घसरेल तिचा."

"तुजा जीव नुसता कापतंय गो. पाठ हाय ती, डोंगराचा कडा नाय," असं म्हणत भागीरथीने नातीला काखांत धरून उचललं आणि आबांच्या पाठीवर अलगद टेकवलं.

पडवीत गोणपाट अंथरून आबा पालथे पडले होते. गाल भुईला, डोळे मिटलेले. दीड वर्षाच्या मनूला या खेळाची आता चांगलीच सवय झाली होती. शेतातल्या चिखलात पाय रोवावा तसा ती एकेक पाय रोवायची, खुदकन हसायची आणि आजीच्या हातांना लटकायची.

"जरा खाली," आबा भुईशीच पुटपुटले. "हां, तितंच. तितंच धरलंय मेलं."

उंबऱ्यात मिताली नाचणीची पेज निववत उभी होती. पेज कधीच निवली होती, तरी तिचा चमचा फिरतच होता. पडवीच्या कडेला गावातली लहानी नावाची बाई कमरेवर हात ठेवून आपला नंबर येण्याची वाट बघत बसली होती. येताना तिने पदरातून वालाच्या शेंगा आणल्या होत्या. मनूच्या पायाला कुणी रिकाम्या हाताने येत नसे.

मनू पायाळू होती. पायाळू माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, हे अख्ख्या शेणव्याला ठाऊक होतं. पण मनू ऑपरेशन करून झालेली. त्यामुळे गावात दोन तट पडले होते. "शीजरचं पोर पायाळू कसं धरायचं? ती काय पायानं चालत आली नाय, डॉक्टरनं काढली," असं शेजारची गंगी म्हणायची. भागीरथीचं म्हणणं वेगळं. "काढताना पयले काय हाताला लागलं, डोकं का पाय? हिलाच इचारा." आणि सगळ्या बाया मितालीकडे बघायच्या. पडद्यामागून डॉक्टरांचं बोलणं मितालीने ऐकलं होतं. "पाय," असं ती एकदा बोलून गेली आणि त्या एका शब्दावर मनूच्या पायाची कीर्ती डोळखांबच्या वाटेवरच्या पाड्यांपर्यंत जाऊन पोचली.

मितालीचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. ती शहापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. पण लेकीचं कौतुक होत असताना आईच्या तोंडून नको निघत नाही. शिवाय आबांचा चेहरा. मनूची पावलं पाठीवर पडली की त्या रापलेल्या चेहऱ्यावर जे पसरायचं, ते बघून ती गप्प बसायची.

आबांचं नाव बारकू, पण अंगापिंडाने माणूस ताडासारखा उंच. नाक्यावरच्या भातगिरणीत सारी उमर गेली. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन पोत्याचे कान धरायचे आणि ट्रॅक्टरपासून थप्पीपर्यंत धावतच जायचं. "बारक्याची पाठ म्हंजे गिरणीचा रस्ता," असं जुने लोक म्हणत. साठी जवळ आली तशी शेठने त्यांना काट्यावर बसवलं. आता पोरं पोती वाहायची आणि आबा वजन करायचे. हे सुख त्यांना मानवलं नव्हतं. विड्या मात्र वाढल्या होत्या.

पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीत तपासणीचं शिबिर झालं. आबांच्या रक्तात चरबी निघाली, तीही थोडीथोडकी नाही. भागीरथी कितीतरी दिवस ते मनाला लावून बसली होती.

"ह्येच्या अंगावर चिमटीत धराया मास नाय. मग रगतात चरबी कुटनं आली? माझी निघाली असती तर बोलली असती, बरोबर हाय."

डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली. आबांनी ती दिवाळीपर्यंत घेतली. दिवाळीतच पाठ धरली आणि सगळा दोष गोळीच्या माथी गेला. "गोळी चालू केली न् पाठ धरली. सोडली म्हंजे सुटंल." गोळी सुटली, पाठ काही सुटली नाही. मग मनूचा पाय सुरू झाला.

दुपारी मनू झोपली की मिताली मोबाइलवर वाचत बसायची. त्या गोळीने काही जणांचं अंग दुखतं, हे तिने वाचलं होतं, म्हणून आबांना ती रागावली नव्हती. पण वाचता वाचता दुसरंही काही समोर आलं. हाडं ठिसूळ होणं हे बायकांचंच दुखणं नाही. पुरुषांचीही झिजतात, कळतही नाही. आणि ज्यांच्या रक्तात चरबी जास्त, त्यांच्या हाडांकडेही बघावं की काय, यावर कुठे कुठे अभ्यास चाललेत. तिने फोन पालथा घातला, मनूच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली, आणि फोन पुन्हा उचलला.

"तू आधी ते वाचणं बंद कर बघू," तिचा नवरा शेखर कामावरून फोनवर म्हणाला. "मनूला दात येत नव्हते तवा पण तू असाच घोळ घातलेलास. आले ना?"

"दात आले, शेखर. पण आबा रोज खोकताना पाठ धरतात."

"आबांचं आयुष्य गेलं पोती वाहण्यात. त्यांच्या हाडांना काय होतंय! उसण हाय."

तो म्हणाला ते तिलाही पटायचं. एवढं ओझं वाहिलेलं हाड कच्चं कसं असेल?

मग ती सकाळ आली. मिताली अंगण झाडत होती. आबा गिरणीत जायला निघाले. टोपी घातली, पडवीतून बाहेर आले आणि सरळ चालत फाटकाकडे गेले. मितालीचा हात थांबला. काहीतरी राहिलं होतं, पण काय ते कळेना. मग तिच्या ध्यानात आलं. आवाज राहिला होता.

पडवीच्या तोंडाशी एक आडवी तुळई होती, आबांच्या उंचीला बुटकी. रोज सकाळी आबा तिथे वाकायचे, आणि नाही वाकले की कपाळावर टणकन बसायची. मग तुळईच्या आईबापांचा उद्धार. मिताली लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं होतं, हे घरातलं गजराचं घड्याळच आहे. हल्ली टणकन नाही आणि शिव्याही नाहीत. "मानूस शाना झाला म्हातारपणी," असं भागीरथी म्हणायची.

"आबा, जरा थांबा."

"काय गो?"

"तुम्ही वाकला नाहीत."

"कुटं?"

"तुळईखाली."

आबा मागे आले. तुळईखाली उभे राहिले, ताठ. टोपी नि लाकूड यांच्यामध्ये बोट सहज जाईल एवढी फट होती. त्यांनी हात वर करून तुळई चाचपली, मग टोपी. मग उगाच हसले.

"घर वर गेला का काय?"

मितालीला हसू आलं नाही. "आबा, घर नाही वर गेलं."

फाटकाबाहेरून कुणाची तरी म्हैस गेली. आबांनी विडी काढली, पेटवली नाही.

"हाडाच्या डॉक्टरकडं जाऊ. एक फोटो काढू पाठीचा."

"गिरणीत पीक आलंय. आता कुटं टाइम?"

"मग मनू तुमच्या पाठीवर उभी राहणार नाही. फोटो चांगला आला तर रोज उभी करीन, दोन्ही वेळा. पण आधी फोटो."

भागीरथी दारातून ऐकत होती. "घ्या! आता सून पोरीचं पाय पन कुलपात ठेवणार." मग ती अंगणात आली आणि तिने आवाज खाली आणला. "न् गो, फोटोत कायतरी मोडलेलं निंगालं तर?"

"तर औषध करू."

"औषध करशील गो. लोकांच्या तोंडाला काय करशील? रोज पाच बाया बघून गेल्यात पोर पाठीवर नाचताना. उद्या गंगीच म्हनंल, नातीच्या पायानं आज्याचा मणका मोडला. पोरीची जात हाय. पायगुण एकदा वंगाळ म्हनला की लग्नापर्यंत पुरतंय."

मितालीने हा विचार केला नव्हता. तिने पोरीला उकळून गार केलेलं पाणी पाजलं होतं, द्राक्षं उभी चिरून दिली होती, घरातल्या सगळ्या गोळ्या फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. आणि हे? हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं? मनू ओटीवर बसून वालाची शेंग सोलायचा प्रयत्न करत होती. गोबरे, धुळीने माखलेले पाय पुढे पसरलेले. हेच पाय.

त्या दिवशी ती पुन्हा फोटोचं बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मनूला मात्र तिने सकाळी कडेवरून उतरूच दिलं नाही. "बरं नाही तिला," असं पाय लावून घ्यायला आलेल्या बायांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी आबा मोरीवर तोंड धूत होते. बादली उचलायला वाकले आणि तसेच राहिले. ना खाली, ना वर. ओठ आवळलेले. मिताली धावली, पण हात कुठे लावावा ते तिला कळेना. बऱ्याच वेळाने ते भिंत धरून सरळ झाले.

"हिला सांगू नको," ते आत बघून म्हणाले.

"आबा, चला. लोक बोलतील ते बोलू देत."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. काय ते समजले. "सोमवारी जाऊ," म्हणाले.

शहापूरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाई मुरबाडच्या. बोलणं मोकळं. त्यांनी एक्स-रेची फिल्म उजेडावर लावली आणि पेनाने दाखवलं.

"हे मणके. एकावर एक. हा बघा, समोरून दबलाय. आणि त्याच्या वरचाही थोडा."

आबा खुर्चीतून पुढे झुकले. "थप्पीतलं खालचं पोतं बसतंय तसं."

"अगदी तसं. ही उसण नाही बाबा, मणका मोडलाय."

"मोडलाय? मी पडलो नाय, झडलो नाय."

"हाडं पातळ झाली की पडावं लागत नाही. शिंकेनेपण जातं."

"पन ते बायांचं असतंय ना?"

"पुरुषांचं कुणी बघत नाही, म्हणून वाटतं बायांचंच. विडी ओढता?"

"थोडी."

"थोडी नाही," मिताली म्हणाली.

आबांनी सुनेकडे रागाने पाहिलं, पण तो राग लटका होता. मितालीने शिबिराचा रिपोर्ट पुढे केला आणि दुपारच्या वाचनातला प्रश्न शेवटी विचारला. "या चरबीचा आणि हाडांचा काही संबंध असतो का हो?"

बाईंनी कागद वाचला. "सरळ हो म्हणता येत नाही. पुरुषांना तपासून पाहिलंय लोकांनी. कुठे ज्यांची चरबी जास्त त्यांची हाडं पातळ निघाली, कुठे तसं काही निघालं नाही. एकामुळेच दुसरं झालं, असं आज कुणी छातीठोक सांगणार नाही. पण हाडाच्या आत मज्जा असते. तिथे एकाच मुळापासून हाड घडवणाऱ्या पेशी होतात आणि चरबीच्याही. एका घरातले दोन भाऊ म्हणा ना. चरबीवाला भाऊ माजला तर..."

"दुसऱ्याच्या वाट्याला नुसता बांध," आबा म्हणाले.

बाई हसल्या. "तसं काहीसं असावं, असा अंदाज आहे. ते काही असो, रक्तातल्या चरबीने हृदयाला धोका आहेच. गोळी सोडली होती का?"

"पाठ दुखाया लागली म्हनून."

"गोळीने अंग दुखतं कुणाकुणाचं, मणका मोडत नाही. परत चालू करा. दुखलं तर मला येऊन सांगा, बदलून देईन. आपल्या मनाने सोडायची नाही. विडी बंद. कल्याणला जाऊन हाडांची तपासणी करून या, मग हाडांचं औषध ठरवू. आणि आता वजन उचलायचं नाही, कंबरेत वाकायचं नाही."

मितालीने मांडीवरच्या मनूला सावरलं. "डॉक्टर, आमची मुलगी... ती पायाळू आहे. उसण समजून आम्ही तिला रोज यांच्या पाठीवर..."

"पोरीचं काय नाय त्यात," आबा एकदम म्हणाले. आवाज गिरणीतला, पट्ट्याच्या घरघरीवर चढणारा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. "तिचं कागदावर कायपन लिवू नका."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "केव्हापासून उभी राहते ती?"

"दिवाळीनंतर," मिताली म्हणाली. "पाठ धरल्यावर."

"मग आधी पाठ कशाने धरली, बाबा?"

आबांनी एक्स-रेवरची नजर मनूकडे वळवली. मनू मितालीच्या मांडीवर झोपून गेली होती, तोंड उघडं, एक चप्पल पायात, एक खाली पडलेली.

"पोतं घेतलं व्हतं," आबा हळूच म्हणाले. "धनतेरसला. पोती वाहनारा ओमकार आला नव्हता. गाडी उभी. म्हनलं, एकच तर हाय. आपलं नेहमीचं. उचललं न् आत कट्ट वाजलं. पोतं ठेवलं थप्पीवर, मग बसलो. कुनी बघितलं नाय."

"घरात सांगितलं नाहीत," मिताली म्हणाली.

"काय सांगू? बारक्याला पोतं उचललं नाय असं? शेठनं काट्यावर बसवलं तवाच निम्मा मेलो. हे कळलं असतं तर काट्यावरनं पन उठवलं असतं."

"तो आवाज मणक्याचा," बाई म्हणाल्या. "नातीच्या वजनाने हे झालेलं नाही. ते आधीचं आहे. पण आता तिला पाठीवर उभं करायचं नाही, कडेवरही घ्यायचं नाही. त्यात उरलेला मणका जाईल."

आबांनी मान हलवली. पैसे, औषधं, पाठीला बांधायचा पट्टा, सगळं झालं. टमटममध्ये पट्टा बांधून ते काठी गिळल्यासारखे ताठ बसले. खड्डा आला की डोळे मिटायचे. मितालीने मनूला छातीशी धरलं होतं. तिच्या मनावरचं एक ओझं उतरलं होतं आणि दुसरं चढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आबांनीही सांगितलं, पण ते त्या खोलीत. शेणव्यात कोण सांगणार? आबा सांगायचे नाहीत, ते तिला कळत होतं. पट्टा सदऱ्याखाली लपवतील, घरात उसणच म्हणायला लावतील, आणि पट्टा काही लपायचा नाही. मग गंगी आहे, लहानी आहे. तिने आबांना काही विचारलं नाही. काय विचारायचं? तुमची इभ्रत घालवा आणि माझ्या पोरीची ठेवा, असं?

नाक्यावर उतरले तेव्हा गिरणी चालू होती. दारात ट्रॅक्टर उभा होता, पोरं पोती उतरवत होती. लहानी भात भरडायला आलेली, गंगीही होती सोबत. मनू टमटमच्या झटक्याने जागी झाली, आबांना बघून दोन्ही हात पसरले.

"आबा, घे."

आबांचे हात सवयीने पुढे गेले. तिथेच थांबले.

"काय बारकूकाका," ओमकार पोतं टेकवून ओरडला, "डॉक्टरनं काय सांगितलं? ह्यो काय, पट्टा? नवरदेव झालाव की!"

पोरं हसली. लहानी पुढे आली. "उसण उतरली नाय अजून? पोरीचा पाय लावत व्हतात ना रोज? माजीपन उतरली नाय गो, मिताली. उलटी चढली."

"लागला आसंल नको तितं," गंगी म्हणाली, सहजच म्हटल्यासारखं.

मितालीने मनूला घट्ट धरलं. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी तिच्या पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढून घेतलं. फिल्म बाहेर ओढली आणि दोन्ही हातांनी उन्हात धरली. गिरणीतल्या तुसाची धूळ त्या उन्हात तरंगत होती.

"ओमकार, हिकडं ये. तुमीपन या गो. ह्यो माझा मणका. मोडलाय. धनतेरसला मोडला, हितंच, गिरणीत. एक पोतं उचललं न् मोडला." ते थांबले, दम घेतला. "पोर तवा माझ्या पाठीवर चढलीपन नव्हती. तिचा पाय लागला म्हनून मी येवढं दिवस चाललो. नायतर तवाच पडलो असतो. शेठला सांगा, बारक्याची पाठ गेली. आता काट्यावर बशीन तर बशीन, पोत्याला हात लावनार नाय."

गिरणीचा पट्टा फिरत होता. ओमकारने डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं.

"त्या दिवशी मीच नव्हतो, काका," एवढंच तो म्हणाला.

"तू असतास तर तुजा मोडला असता का? तुजा नवा हाय." आबांनी फिल्म पुन्हा पाकिटात सरकवली. "दूध पी, विडी नको वडू. जा, गाडी उभी हाय."

गंगीने पदर तोंडाला लावला. लहानी मनूकडे बघत राहिली, मग तिने मनूच्या पायातली सुटलेली चप्पल नीट बसवली.

मनू खाली उतरायला वळवळत होती. मितालीने तिला रस्त्यावर उभं केलं. आबांनी वाकून नाही, ताठ उभं राहूनच, हात खाली सोडला. मनूने पुरा हात वर ताणला तेव्हा कुठे तिची मूठ त्यांच्या बोटापर्यंत पोचली.

मिताली औषधांची पिशवी घेऊन मागे राहिली. पुढे ती दोघं चालली होती, तिच्या चालीने. मनू खडा दिसला की थांबायची, आबाही थांबायचे. आयुष्यभर या रस्त्याने धावत गेलेला माणूस एकेका खड्यापाशी उभा राहत होता, आणि दुसऱ्या हातात ते पाकीट असं आडवं, जपून धरलं होतं, जणू आत पाणी भरलेलं आहे.